चौथी ओळ: पायथनच्या शेलमध्ये गेलेल्या एका दुपारचा अभ्यास

आमच्या प्रयोगशाळेत तापमानाच्या नोंदी सांभाळणाऱ्या एक ज्येष्ठ सहकारी आहेत. वीसेक वर्षं त्या हे काम स्प्रेडशीटमध्ये करत आल्या आहेत आणि सूत्रं लिहिण्यात त्यांचा हात धरणारं आमच्याकडे कोणी नाही. फाइली मोठ्या होत गेल्या तेव्हा त्यांनी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली. महिनाभरानं म्हणाल्या, "आता खऱ्या फाइलवर बसते. तुम्ही शेजारी बसा, पण मध्ये बोलू नका." मी वही घेऊन बसलो.

काम छोटं होतं. फाइलच्या प्रत्येक ओळीत स्वल्पविरामानं तोडलेले तीन भाग: वेळ, तापमान, यंत्राचा क्रमांक. यंत्र बंद असताना तापमानाच्या जागी नुसती एक आडवी रेघ. प्रत्येक यंत्राची सरासरी काढायची. समोर काळं टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, त्यात पायथन ३.९ चा साधा शेल. माझा अंदाज होता वीस मिनिटांचा. लागले अडीच तास. त्या अडीच तासांत त्यांच्या विचारात खोट अशी जवळजवळ नव्हतीच, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतो आहे.

शेलचं चक्र लिस्प या जुन्या प्रोग्रामिंग भाषेच्या काळापासून, म्हणजे १९६० च्या दशकापासून, तेच आहे: ओळ वाचायची, तिचं मूल्य काढायचं, ते छापायचं, पुढच्या ओळीची वाट पाहायची. विचारलं की लगेच उत्तर. स्प्रेडशीटमध्ये वाढलेल्या माणसाला हे घरचंच वाटतं. पण स्प्रेडशीट आणखी एक गोष्ट पाळतं: एक खाना बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे खाने आपोआप बदलतात. आमच्या सहकारी हे गृहीत धरूनच शेलसमोर बसल्या होत्या. शेल ते पाळत नाही, आणि पाळत नाही हे सांगतही नाही.

रिकामी ओळ

सुरुवातीला त्यांनी बारा यंत्रांच्या दुरुस्तीचे आकडे एका डिक्शनरीत, म्हणजे यंत्र आणि त्याचा आकडा अशा जोड्यांच्या यादीत, हातानं भरले. ते सुरळीत झालं. मग एडिटरमध्ये आधीच लिहून ठेवलेलं एक फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, शेलमध्ये पेस्ट केलं. त्याचं नाव होतं "साफ". एक ओळ घ्यायची, स्वल्पविरामावर तोडायची आणि दुसऱ्या भागाचा आकडा करून परत द्यायचा, एवढंच त्याचं काम. तोडणाऱ्या ओळीनंतर त्यांनी एक ओळ रिकामी सोडली होती, वाचायला सोपं जावं म्हणून. चांगली सवय आहे ही.

शेलमध्ये मात्र रिकाम्या ओळीचा अर्थ "फंक्शन संपलं" असा होतो. ३.९ चा शेल पेस्ट केलेला मजकूर कोणी भराभर टाइप करत असावं तसा ओळीओळीनं घेतो. त्यामुळे रिकाम्या ओळीशी "साफ" पूर्ण झालं असं त्यानं धरलं, आणि उरलेली "रिटर्न" ची, म्हणजे उत्तर परत देणारी, ओळ एकटी पडल्यावर अनपेक्षित इंडेंटचा, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेचा, एरर दिला. फंक्शनचा अर्धा भाग तोवर नोंदलाही गेला होता.

त्यांनी एरर वाचला, कपाळाला आठी घातली आणि खात्री करायला एक ओळ देऊन "साफ" चालवून पाहिलं. काहीच छापलं गेलं नाही. पुढची ओळ मागणारी खूण, म्हणजे नवा प्रॉम्प्ट आला. "चाललं म्हणजे," त्या म्हणाल्या.

चाललं नव्हतं. अर्ध्या फंक्शनला परत द्यायला काही नव्हतं, म्हणून त्यानं "नन" हे पायथनमधलं रिक्ततेचं मूल्य दिलं, आणि शेल "नन" छापत नाही. तीन वेगवेगळे निर्णय इथे एकत्र आले. रिकाम्या ओळीनं ब्लॉक (एकत्र चालणाऱ्या ओळींचा गट) संपवणं हातानं टाइप करणाऱ्याच्या सोयीचं आहे. "नन" न छापणंही सोयीचंच, नाहीतर प्रत्येक प्रिंटनंतर तो शब्द उमटला असता. पेस्ट आणि टाइपिंग यांत फरक न करणं ही जुनी मर्यादा. सुटेसुटे पाहिले तर तिन्ही समजण्यासारखे. एकत्र आले तेव्हा मोडलेलं फंक्शन चालल्यासारखं दिसलं.

परिणाम पुढे दिसला. बेरीज करताना "इंट" (पूर्णांक) आणि "ननटाइप" ("नन" चा प्रकार) यांच्यात अधिकचं चिन्ह चालत नाही असा एरर आला. "ननटाइप" हा शब्द त्यांनी कुठेच लिहिलेला नव्हता. पंचवीस मिनिटं त्या बेरजेची ओळ तपासत राहिल्या. चूक घडली त्या जागेपासून त्या एव्हाना दूर आल्या होत्या, आणि मागचा धागा दाखवणारं पडद्यावर काही नव्हतं.

चौथी ओळ

इथून पुढचा तास हा या प्रकरणाचा गाभा आहे.

पेस्ट करणं बेभरवशाचं आहे असं ठरवून त्यांनी फंक्शन "नोंदी" नावाच्या फाइलमध्ये ठेवलं आणि शेलमध्ये नोंदीमधून साफ इम्पोर्ट केलं, म्हणजे त्या फाइलमधून आत आणलं. अगदी योग्य पाऊल. फंक्शन चाललं, काही ओळी गेल्या, आणि मग एरर आला: आडव्या रेघेचं फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्यात, रूपांतर करता येत नाही. ओळ क्रमांक ४. खाली ती चौथी ओळही छापलेली होती, "रिटर्न फ्लोट" ची.

हा निरोप स्वच्छ होता. त्यांना क्षणात कळलं. फाइल उघडून त्यांनी चौथ्या ओळीच्या आधी दोन ओळी घातल्या: दुसरा भाग रेघ असेल तर "नन" परत दे. आता चौथ्या ओळीवर "इफ" आलं, पाचवीवर "रिटर्न नन", आणि जुनी ओळ सहावीवर सरकली. फाइल सेव्ह केली. शेलमध्ये वरचा बाण दाबून इम्पोर्टची ओळ पुन्हा आणली, एंटर दाबलं. शेल काही बोलला नाही, नवा प्रॉम्प्ट आला. फंक्शन चालवलं.

तोच एरर. रेघेचं फ्लोट होत नाही. ओळ क्रमांक ४. आणि खाली छापलेली ओळ: "इफ दुसरा भाग बरोबर रेघ".

हे नीट पाहण्यासारखं आहे. पायथन एखादं मॉड्यूल, म्हणजे "नोंदी" सारखी कोडची फाइल, एका सत्रात एकदाच लोड करतो. दुसऱ्यांदा इम्पोर्ट म्हटलं की आधीचंच हाती देतो, फाइल पुन्हा वाचत नाही. म्हणजे चालत होतं ते जुनं फंक्शन, आणि त्याची चौथी ओळ होती "रिटर्न फ्लोट". एरर छापताना मात्र पायथन ओळीचा मजकूर डिस्कवरच्या फाइलमधून आणतो. क्रमांक जुन्या कोडचा, मजकूर नव्या फाइलचा. त्यामुळे पडद्यावर असं दिसत होतं की दोन गोष्टींची तुलना करणाऱ्या ओळीनं रूपांतराचा एरर दिला आहे. असं कधी होऊच शकत नाही. पण एक महिना शिकलेल्या माणसाला ते कसं कळावं?

त्यांनी पडद्यावर विश्वास ठेवला. तुलना चुकली असणार, मग दोनऐवजी एकच बरोबर चिन्ह घालून पाहिलं, ते पटलं नाही म्हणून परत दोन केली. अवतरणचिन्हं बदलली. मग त्यांना एक हुशार शंका आली: फाइलमधली रेघ आणि कळफलकावरची रेघ वेगळ्या असतील तर? दिसायला सारख्या पण आतून निराळ्या रेघा खरोखरच असतात, आणि स्प्रेडशीटमध्ये त्यांना हा अनुभव आलेला होता. मूळ फाइलमधली रेघ कॉपी करून त्यांनी "इफ" मध्ये चिकटवली. अक्षरं मोठी करून दोन्ही रेघा शेजारी ठेवून पाहिल्या.

दर वेळी फाइल सेव्ह, इम्पोर्ट, चालवणं, तोच एरर. आणि दर वेळी एररच्या खाली त्यांची ताजी दुरुस्ती छापलेली. नवी ओळ एररमध्ये दिसते आहे म्हटल्यावर ती चालली याबद्दल शंका घ्यायला जागाच उरत नव्हती. माझ्या वहीत सात दुरुस्त्यांची नोंद आहे. पहिलीच बरोबर होती. सातांपैकी एकही चालली नव्हती.

मला राहवलं नाही. ठरलेलं मोडून मी बोललो: "मॉड्यूल रीलोड करून बघा." रीलोड म्हणजे फाइल पुन्हा वाचायला लावणं. त्यांनी मी सांगितलं तसं टाइप केलं, आणि शेलनं उत्तर दिलं की "नोंदी" हे नावच त्याला माहीत नाही. बरोबरच होतं. त्यांनी मॉड्यूलमधून फक्त "साफ" आणलं होतं, मॉड्यूलचं नाव शेलमध्ये आलेलंच नव्हतं. मग मॉड्यूल नावानिशी इम्पोर्ट केलं, रीलोड केलं, "साफ" चालवलं. पुन्हा तोच एरर. कारण रीलोडनं मॉड्यूल नवं झालं तरी आधी बाहेर काढून ठेवलेलं "साफ" हे नाव जुन्याच फंक्शनकडे बोट दाखवत राहतं. इतकी वर्षं पायथन वापरून मी दिलेला सल्ला त्यांच्या दोन मिनिटांवर पाणी ओतून गेला.

"बंद करून परत उघडते," त्या म्हणाल्या. तोच उपाय बरोबर होता.

बाहेर पडणं

त्यांनी "एक्झिट" टाइप केलं. शेलनं छापलं की बाहेर पडायला एक्झिटपुढे कंस द्या किंवा कंट्रोल-डी दाबा. त्या थांबल्या. "म्हणजे मला काय हवंय ते त्याला कळलंय."

हा एरर नसतो. पायथनमध्ये "एक्झिट" ही एक वस्तू आहे, आणि प्रॉम्प्टवर नुसतं नाव लिहिलं की शेल त्या वस्तूचं छापील रूप दाखवतो. या वस्तूचं छापील रूप म्हणजेच ती सूचना. छापण्याच्या क्रियेतच बाहेर पडणं घातलं असतं तर सगळ्या नावांची यादी छापतानाही सत्र बंद पडलं असतं, असा त्यामागचा युक्तिवाद, आणि तो खराही आहे. तरी प्रॉम्प्टवर एकटा तो शब्द लिहिणाऱ्याचा हेतू दुसरा कोणता असणार? पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पीएसक्यूएल या शेलमध्ये बाहेर पडायला उलटी तिरकी रेघ आणि क्यू लागायचं. २०१८ च्या ११ व्या आवृत्तीपासून तिथे साधं "एक्झिट" आणि "क्विट" चालतं.

शेलच्या वापरसुलभतेचा विषय निघाला की लोक पहिल्यांदा या कंसांबद्दल बोलतात. माझ्या वहीत त्याची किंमत वीस सेकंद आहे. चौथ्या ओळीची पन्नास मिनिटं.

बंद केल्यावर बारा यंत्रांची डिक्शनरी अर्थातच गेली. वरचा बाण दाबून जुन्या ओळी परत आणता येतात, पण डिक्शनरी अनेक ओळींत लिहिलेली होती आणि ३.९ मध्ये ती एकेक ओळ करूनच परत येते. त्यांनी ती पुन्हा टाइप केली. मग इम्पोर्ट, मग "साफ", आणि सरासऱ्या आल्या. रेघांवरचे "नन" वगळायची ओळ त्यांनी स्वतःहून आधीच घातली होती.

तेच काम ३.१३ वर

ऑक्टोबर २०२४ मध्ये पायथन ३.१३ आला, आणि त्याबरोबर पायपाय या पायथनच्याच दुसऱ्या अवताराच्या शेलवर आधारलेला नवा शेल. वहीतल्या क्रमानं मी त्यावर सगळ्या पायऱ्या पुन्हा करून पाहिल्या.

पेस्टचा प्रश्न सुटला आहे. आजची टर्मिनलं पेस्ट केलेल्या मजकुराच्या आधी आणि नंतर एक खूण पाठवू शकतात. नवा शेल ती ओळखतो आणि आतल्या रिकाम्या ओळीला शेवट मानत नाही. वरचा बाण आता अख्खा ब्लॉक परत आणतो, म्हणजे ती डिक्शनरी एका कळीत आली असती. "एक्झिट" कंसांशिवाय चालतं, आणि तुम्ही त्याच नावाचं स्वतःचं व्हेरिएबल केलं असेल तर शेल तुमच्या व्हेरिएबलचा मान राखतो. विचारपूर्वक केलेलं काम आहे हे.

चौथी ओळ मात्र जशीच्या तशी. दुसरा इम्पोर्ट तितकाच गप्प. एररमध्ये जुना क्रमांक, नवा मजकूर. फक्त आता रंगीत.

मॉड्यूल एकदाच लोड करण्याचा नियम प्रोग्रामसाठी योग्य आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मोठ्या प्रोग्राममध्ये एकच मॉड्यूल पन्नास ठिकाणांहून मागितलं जातं, ते पन्नासदा चालवून कसं चालेल? पण प्रॉम्प्टवर बसलेला माणूस तीच इम्पोर्टची ओळ दुसऱ्यांदा लिहितो तेव्हा त्याला जवळजवळ नेहमी "नवं घे" असंच म्हणायचं असतं. आपण माणसाशी बोलतो आहोत हे शेलला ठाऊक असतं. फाइल बदलली आहे का हे पाहणंही त्याच्या हातात असतं. तरी तो प्रोग्रामला द्यावं तसं उत्तर माणसाला देतो, म्हणजे काहीच देत नाही.

वेगळं करता येतं याचं उदाहरण जावा या भाषेत आहे. जावाला अधिकृत शेल मिळायला २०१७ ची ९ वी आवृत्ती उजाडावी लागली, पण तो शेल, जेशेल, या बाबतीत बोलका आहे. मेथड (जावातलं फंक्शन) लिहिली की तो "तयार झाली" असं छापतो, तीच पुन्हा लिहिली की "बदलली" असं छापतो. आत वापरलेलं एखादं नाव अजून अस्तित्वात नसेल तर मेथड तयार आहे पण ते नाव येईपर्यंत चालवता येणार नाही, हेही सांगतो. "साफ" अर्धवट नोंदलं गेलं त्या क्षणी अशी एक ओळ छापली गेली असती, तरी आमची पहिली पंचवीस मिनिटं वाचली असती.

आम्ही केलेला बदल

आयपायथन या पायथनच्या वेगळ्या शेलमध्ये ऑटोरीलोडची सोय आहे. ती मुळात बंद असते. दोन ओळी लिहून चालू केली की बदललेली मॉड्यूलं पुढच्या आज्ञेआधी आपोआप ताजी होतात, बाहेर काढलेल्या फंक्शनांसकट. आमच्यातल्या दोघांचं मत होतं की हेच बसवून मोकळं व्हावं. माझं मन धजावलं नाही. मूळ तक्रार शेल न सांगता जुनं चालवतो ही होती. न सांगता नवं चालवणं बरेचदा सोयीचं असेल, पण समोरच्याला आत काय बदललं ते तेव्हाही कळत नाही.

म्हणून आम्ही प्रॉम्प्टच बोलता केला. पायथनमध्ये प्रॉम्प्ट हा साधा मजकूर असायलाच हवा असं नाही. त्या जागी एखादी वस्तू ठेवली तर प्रत्येक नव्या आज्ञेआधी तिचं मजकुरातलं रूप नव्यानं मागितलं जातं. शेल सुरू होताना चालणाऱ्या फाइलमध्ये आम्ही अशी एक वस्तू ठेवली. आमच्या फोल्डरमधलं मॉड्यूल पहिल्यांदा दिसलं की त्याच्या फाइलची वेळ ती टिपून ठेवते आणि पुढे दर वेळी ताडून पाहते. फाइल नंतर बदललेली असेल तर प्रॉम्प्टच्या आधी शब्दांत येतं: "नोंदी बदलली आहे, चालू आहे ती जुनी." शब्दांतच हवं असा आग्रह धरला, कारण आमच्याकडे एक जण पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतात आणि रंगावर सोपवलेला इशारा त्यांच्यापर्यंत पोचला नसता.

"नन" छापायचाही प्रयत्न केला. प्रत्येक प्रिंटनंतर "नन" उमटायला लागलं, आणि ज्या सहकाऱ्यांसाठी केलं त्यांनीच दुपारपर्यंत ते काढायला लावलं.

नव्या प्रॉम्प्टसह त्या पुढच्या महिन्याच्या नोंदी घेऊन बसल्या. या वेळी मी बोलायचं नाही असं काही ठरलेलं नव्हतं. फाइल बदलली, सेव्ह केली, शेलमध्ये येऊन एंटर दाबलं, प्रॉम्प्टनं सांगितलं. त्यांनी शेल बंद करून उघडला. डिक्शनरी आता फाइलमध्ये होती. असं तीनदा झालं, आणि तिन्ही वेळा मिळून पाच मिनिटंही गेली नसतील.

चौथ्यांदा मात्र त्यांनी शेल बंद केला नाही. मोठी फाइल वाचून तयार केलेली यादी हाताशी होती आणि ती पुन्हा वाचायला वेळ लागणार होता. मी नीट रीलोड करून दिलं, "साफ" पुन्हा आणलं, प्रॉम्प्टवरचा इशारा गेला. त्या यादीकडे बघत होत्या.

"ही यादी मघाच्या साफनं केलेली आहे ना? मग ही आता जुनी झाली. ते कुठे दिसणार?"

कुठेच दिसत नव्हतं. स्प्रेडशीटला कोणता खाना कोणत्या सूत्रातून आला हे माहीत असतं, म्हणून ते बदल पुढे नेऊ शकतं. शेलमधल्या यादीला आपण कोणत्या फंक्शनातून आलो याची आठवण नसते, त्यामुळे आमच्या प्रॉम्प्टकडे ताडून पाहायला काही नाही. सध्या आमच्या सहकारी यादीच्या नावातच आकडा घालतात: नोंदी१, नोंदी२. फंक्शन बदललं की आकडा वाढवतात, आणि जुन्या आकड्याची यादी स्वतःच्या हातानं पुसतात.